पुरीषाचे बल आणि मलप्रत्यारोपण

अल्सरेटिव्ह कोलायटिसचा रुग्ण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही आम्हां वैद्यांकडे ‘रक्ताची आव’ म्हणूनच येतो. निरोगी माणसाचा मल आतड्यात सोडल्याने ही व्याधी शमते काय, असा प्रश्न आता विचारला जातो. तो हसण्यावारी नेणे उचित नव्हे. राजयक्ष्म्यात धातू क्षीण झाले असता रोग्याचे बल पुरीषावर टिकते, असे चरकाचार्यांनी सांगितलेच आहे.

दिल्लीच्या एम्समधील ६६ रुग्णांवरील चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. व्याधी सौम्य ते मध्यम होती. ग्रामीण दात्यांचा मल कोलोनोस्कोपीद्वारे दर आठवड्यास, असा सात वेळा दिला. जोडीला दाहशामक आहार. आठव्या आठवड्यात ६० टक्के रुग्णांत लक्षणे शमली. केवळ प्रचलित औषधोपचारात ३२ टक्के. पुढे प्रत्यारोपण थांबवून आहार तेवढा चालू ठेवला आणि सुमारे वर्षभर काहींचा उपशम टिकला.

दात्याचे जीवाणू रुजले की ब्युटिरेट वाढते. बृहदंत्राच्या अंतस्त्वचेचे तेच मुख्य इंधन. मात्र बीज रुजले तरी ते पोसतो आहार. पथ्याचे महत्त्व येथेच आहे आणि ते आपले क्षेत्र आहे.

प्रत्यारोपण मात्र आपल्या चिकित्सालयात कदापि करू नये. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा मलातून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय संक्रमित होऊन एक रुग्ण दगावला. पिच्छाबस्ती व पथ्य योजतानाही चालू औषधे अकस्मात बंद करू नयेत. ज्वरासह दिवसात सहा वा अधिक रक्तयुक्त वेग होत असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.