थोमा : एका नावाचा अर्थ

मुलाचे नाव थोमा ठेवावे असे आजोबांनी सुचविले, तेव्हा “शंकेखोराचे नाव कशाला?” म्हणून बापाने ते नाकारले, असा प्रसंग एका मंडळीत प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. त्या घरी जे सांगावयाचे राहून गेले ते येथे मांडीत आहे.

‘थोमा’ हे मुळात विशेषनामच नव्हे. अरामी भाषेत ‘तओमा’ म्हणजे जुळा. याच मुळाचा इब्री शब्द उत्पत्ती २५:२४ येथे रिबकेच्या उदरातील एसाव व याकोब यांच्याविषयी आला आहे. योहान आपल्या ग्रीक वाचकांसाठी त्याचा अर्थ ‘दिदुम’ असा तीन वेळा देतो (११:१६, २०:२४, २१:२). दिदुम म्हणजेही जुळाच. तेव्हा ‘दिदुम म्हटलेला थोमा’ असे आपण उपासनेत वाचतो, त्या वेळी वस्तुतः ‘जुळा म्हटलेला जुळा’ असेच वाचीत असतो. याचे खरे नाव सुरियानी परंपरेने यहूदा असे जपले आहे. योहान १४:२२ मधील ‘इस्कार्योत नव्हे तो यहूदा’ याच्या जागी एका प्राचीन सुरियानी हस्तलिखितात ‘यहूदा थोमा’ असा पाठ आढळतो. तो कोणाचा जुळा, हे शुभवर्तमान सांगत नाही. व्यासपीठावरून त्याविषयी तर्क लढवू नयेत हे बरे.

केरळात हे नाव तोमा, थोम्मन अशा रूपांनी घरोघर रुळले आहे. गोव्यात पोर्तुगीज वळणाने प्रेषित तो ‘तोमे’, तर अक्विनासचा पंडित तो ‘तोमास’, असा भेद आहे. नोंदवहीत नाव उतरविताना तो पुसून टाकू नये. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर स्टीफन्स यांचेही नाव थॉमसच. रोमन पंचांगात या प्रेषिताचा सण पूर्वी २१ डिसेंबरला असे. १९६९ च्या सुधारणेनंतर तो ३ जुलैला आला. वृद्धांचा नामदिन विचारताना हे ध्यानी असावे.

आता शंकेविषयी. यहूदियात दगडमाराचे भय असता, आपणही त्याच्याबरोबर मरावयास जाऊ, असे सोबत्यांना सांगणारा थोमाच होता (११:१६). आठ दिवसांच्या शंकेअंती ‘माझा प्रभू व माझा देव’ ही कबुलीही त्याचीच. तरीही लोकांच्या ध्यानी शंकाच तेवढी राहिली, याला आमची धर्मशिक्षणाची पाठ्यपुस्तके थोडीफार कारण आहेत.

त्या मुलाचे नाव शेवटी दुसरेच ठेवले गेले.