आरोग्यरक्षण : कारण जाणून घेतलेली काळजी

मुलाला प्रथमच वसतिगृहात ठेवून परतणाऱ्या पालकांच्या मनात एक प्रश्न घर करून असतो : ते आजारी पडले तर? हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, ते आजारी पडूच नये म्हणून काय करता येईल? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या पुणे शहराचाच इतिहास मोलाचा ठरतो.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि लवकरच ती पुण्यात पोहोचली. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा संमत केला. त्यानंतर पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या देखरेखीखाली गोरे सैनिक घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले. रुग्णांना रुग्णालयात आणि त्यांच्या आप्तांना विलगीकरणाच्या छावणीत हलविण्यात येऊ लागले. रुग्णाला वेगळे ठेवण्याचा हेतू चुकीचा नव्हता. मात्र हे कशासाठी चालले आहे, हे लोकांना विश्वासात घेऊन कोणी समजावले नाही. त्यामुळे लोक रुग्ण लपवू लागले आणि रोग घरातच राहिला. शिवाय प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे शास्त्रज्ञ सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. तोवर झडत्या माणसांच्या होत होत्या, तर खरे वाहक जमिनीलगत निर्धास्त फिरत होते.

याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरनजीक ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे सांगितले जाते. रुग्णसेवा करतानाच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण ज्या ज्ञानाने आणि साधनांनी असे मृत्यू टळतात, ती त्या काळी त्यांच्या हाती नव्हती. आज ती आपल्या हाती आहेत, म्हणून आपली जबाबदारी अधिक मोठी आहे.

याची प्रचीती अलीकडेच आली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळू लागले. पुढील काही आठवड्यांत पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली आणि काही जणांचा मृत्यूही झाला. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या जंतूशी लढताना चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर आघात करते. बहुधा पायांपासून अशक्तपणा सुरू होतो आणि रोग तीव्र झाल्यास श्वास घेणेही कठीण होते. हा विकार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. मात्र त्याच्या आधी होणारा जुलाबाचा संसर्ग दूषित पाणी व अन्नातून पसरू शकतो. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. पाणी उकळल्याने आणि मांस पूर्ण शिजवल्याने तो मरतो. अतिदक्षता विभागातील दीर्घ उपचारांच्या तुलनेत पातेलेभर पाणी उकळण्यास लागणारा गॅस किती अल्प, याचा हिशेब प्रत्येक गृहिणी सहज करू शकेल.

दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हा विचार या स्मरणिकेच्या वाचकांना नवा नाही. आरोग्याच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते. अडचण एवढीच की बहुतेक कारणे डोळ्यांना दिसत नाहीत अथवा आपल्या नजरेतून निसटतात. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही जंतू असू शकतात. म्हणून पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी, ते झाकून ठेवावे आणि हात न बुडविता दांड्याच्या ओगराळ्याने घ्यावे. घराची व वसतिगृहाची पाण्याची टाकी नियमितपणे धुवावी. शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

डेंग्यू पसरविणारा डास दिवसा चावतो आणि घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यामागील शास्त्र हेच आहे. पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली ही सारी त्या दिवशी रिकामी करून घासून पुसली, तर डासांची पिढी जन्मण्यापूर्वीच संपते.

लसीकरणाचेही असेच आहे. बाळाच्या लसी पूर्ण झाल्या म्हणजे काम संपले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात १० व्या आणि १६ व्या वर्षी धनुर्वात व घटसर्पाची लस द्यावयाची असते. निवासी शाळेतील बहुतेक मुले याच वयोगटात असतात. म्हणून लसीकरणाचे कार्ड गुणपत्रिकेइतक्याच काळजीने जपावे.

घरातील सुरक्षिततेलाही हाच नियम लागू आहे. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून स्नान करणाऱ्याला धोका जाणवतच नाही आणि तो बेशुद्ध पडतो. गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा आणि खेळती हवा असावी. एवढ्याने हा धोका टळू शकतो.

यांपैकी कोणतीही गोष्ट खर्चिक नाही, मात्र ती केवळ आज्ञेने टिकत नाही. ‘हात धू’ असे बजावलेले मूल कोणी पाहत नसताना हात धूत नाही. हात का धुवावेत हे समजलेले मूल धुते. आपल्या विद्यार्थ्यांना नियमांसोबत त्यांची कारणेही सांगावीत. सुट्टीत घरी गेल्यावर तीच मुले आजीच्या पाण्याच्या पिंपाचे झाकण तपासतील आणि ‘असे का?’ या तिच्या प्रश्नाला उत्तरही देतील. पालकांनी अशा वेळी त्यांना दटावू नये, त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.