ठिबकमध्ये आम्ल आणि क्लोरीन सोडताना: व्हेंच्युरी, खताची टाकी की डोसिंग पंप?

ठिबक संच बसवून दोन-तीन वर्षे झाली की एकाच ओळीतली काही झाडे तजेलदार आणि काही मरगळलेली दिसू लागतात. पाणी तेच, खत तेच. ड्रिपर काढून पाहिला तर छिद्राभोवती पांढरा थर किंवा बुळबुळीत शेवाळ सापडते. अशा वेळी 'ॲसिड सोडा' हा सल्ला गावात लगेच मिळतो आणि दुकानात बाटलीही मिळते. ते पाण्यात किती वेगाने मिसळायचे आणि त्यासाठी कोणते उपकरण वापरायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रक्रिया फसते ती बहुतेक वेळा इथेच. आम्ल कमी पडले तर थर सुटत नाही, जास्त झाले तर संचाचे धातूचे भाग खराब होतात. आणि मांडणी चुकली तर ते थेट विहिरीत जाते.

आधी काय अडकले आहे ते पाहा

चार लिटर क्षमतेच्या ड्रिपरमधून तीन मिनिटांत २०० मिलि पाणी मिळायला हवे. नळीच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे काही ड्रिपर निवडून त्यांखाली भांडे ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. पाणी १८० मिलिच्या खाली आले असेल, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त घट असेल, तर प्रक्रियेची वेळ आली असे समजा. पीक सुकायची वाट पाहू नका. ड्रिपर पूर्ण बंद झाल्यावर आम्ल आत पोहोचतच नाही.

पांढऱ्या थरावर आम्लाचा एक थेंब टाकून पाहा. फेस आला तर तो चुन्याचा थर आहे आणि आम्लाने सुटेल. बुळबुळीत थर शेवाळाचा किंवा जिवाणूंचा असतो, त्यावर क्लोरीन चालते. तांबूस, गंजासारखा चिकट गाळ पाण्यातील लोहाचा आणि लोहजिवाणूंचा. नुसती माती निघाली तर आम्ल आणि क्लोरीन दोन्हीवरचा खर्च वाया जाईल. फिल्टर साफ करा, नळ्यांची टोके उघडून धुवा, तेवढे पुरते.

तीन उपकरणे, तीन स्वभाव

खताची टाकी बऱ्याच संचांवर असते, म्हणून तीच वापरण्याचा मोह होतो. आम्ल-क्लोरीनसाठी ती वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. या टाकीतून मुख्य नळीचे थोडे पाणी वळवलेले असते आणि आत येणारे पाणी आतील द्रावण सतत पातळ करत जाते. टाकीच्या क्षमतेइतके पाणी एकदा तिच्यातून गेले की मूळ द्रावणाचा सुमारे ३७ टक्के भाग उरतो. चार पट पाणी गेल्यावर दोन टक्केही उरत नाही. म्हणजे पहिली काही मिनिटे जहाल आणि पुढे जवळजवळ साधे पाणी. युरिया देताना हे चालून जाते, कारण तिथे एकूण किती खत गेले एवढेच महत्त्वाचे. आम्ल प्रक्रियेत मात्र पाण्याचा सामू ठरावीक वेळ एकसारखा राहावा लागतो. शिवाय टाकी लोखंडी असेल तर आम्ल आधी तिलाच खाते.

व्हेंच्युरी स्वस्त, तिच्यात फिरणारा भाग नाही आणि वीज लागत नाही. पाणी अरुंद गळ्यातून जाताना त्याचा वेग वाढतो, तिथला दाब घटतो आणि बाजूच्या नळीतून द्रावण ओढले जाते. यासाठी तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबात फरक हवा. साधारणपणे आत येणाऱ्या दाबाचा एक तृतीयांश भाग तिच्यावर खर्च होतो असे धरून चला. आत दीड किलो दाब असेल तर पुढे एक किलोच्या आसपास मिळेल. हा फरक मुख्य नळीवरचा, व्हेंच्युरीला समांतर असलेला व्हॉल्व्ह हळूहळू बंद करून निर्माण करतात. दोन्ही बाजूंना प्रेशर गेज नसेल तर हे काम अंदाजाने होते, म्हणून गेजवर खर्च करायला कचरू नका. उंचावरच्या टाकीतून नुसत्या उताराने पाणी देणाऱ्या संचावर व्हेंच्युरी ओढत नाही, आणि तो दोष व्हेंच्युरीचा नसतो.

तिची खरी अडचण अशी की ओढ बदलते. पंपाचा दाब कमी-जास्त झाला, फिल्टर तुंबला, ड्रममधील पातळी खाली गेली की ओढही बदलते. त्यामुळे पाकिटावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. प्रत्येक वेळी आम्लापूर्वी साध्या पाण्यावर मोजावे. दहा लिटरची बादली दहा मिनिटांत रिकामी झाली तर तुमच्या व्हेंच्युरीची ओढ त्या दाबाला ताशी ६० लिटर आहे.

डोसिंग पंप दोन प्रकारचे. पाण्याच्या दाबावर चालणारा पंप जितके पाणी त्यातून जाईल त्या प्रमाणात द्रावण सोडतो. एकदा प्रमाण लावले की प्रवाह घटला-वाढला तरी मिश्रण तेच राहते. गाळ मात्र त्याला सोसत नाही, म्हणून तो फिल्टरनंतरच बसवावा लागतो. विजेवर चालणारा पडद्याचा पंप ताशी ठरावीक लिटर सोडतो. तो अचूक आहे, पण मुख्य नळीतील पाणी किती आहे हे त्याला कळत नाही. दोन प्लॉटचे व्हॉल्व्ह उघडे धरून पंप लावला आणि मध्येच एक बंद केला, तर उरलेल्या प्लॉटला जवळपास दुप्पट तीव्रतेचे पाणी जाते. कोणताही पंप घेताना त्याचे सील आणि पडदा आम्ल व क्लोरीन सहन करणारे आहेत का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. खतासाठी चांगला असलेला पंप आम्लाला टिकेलच असे नाही.

एक-दोन एकरांच्या बागेला व्हेंच्युरी पुरेशी आहे. हरितगृह, रोपवाटिका किंवा रोज थोडे थोडे क्लोरीन द्यावे लागते असे शेततळ्याचे पाणी असेल, तर डोसिंग पंपाचा खर्च पटण्यासारखा आहे.

आम्लाचे गणित, एका एकराच्या डाळिंबावर

साडेचार बाय तीन मीटरवर एकरी सुमारे ३०० झाडे बसतात. प्रत्येक झाडाला चार लिटरचे चार ड्रिपर धरले तर संचातून ताशी ४,८०० लिटर पाणी जाते.

आता प्लॅस्टिकच्या बादलीत स्वतःच्या विहिरीचे दहा लिटर पाणी घ्या. त्यात एकेक मिलि आम्ल टाकून लाकडी काठीने ढवळा आणि प्रत्येक वेळी पीएच पेपरने सामू पाहा. सामू ४ वर येईपर्यंत किती मिलि लागले ते लिहून ठेवा. समजा ३३ टक्के तीव्रतेचे हायड्रोक्लोरिक आम्ल ६ मिलि लागले. म्हणजे लिटरला ०.६ मिलि, आणि ४,८०० लिटरला ताशी २.८८ लिटर. हा आकडा शेजाऱ्याकडून उसना घेऊ नका. पाण्यातील बायकार्बोनेट वेगळे असले की आम्लही वेगळे लागते, आणि एकाच विहिरीचे पाणी पावसाळ्यात व एप्रिलमध्ये सारखे नसते.

व्हेंच्युरी ताशी ६० लिटर ओढते आणि आम्ल हवे आहे जेमतेम तीन लिटर. म्हणून ते आधी पातळ करावे लागते. प्रक्रिया २५ मिनिटे चालवायची तर व्हेंच्युरी २५ लिटर द्रावण ओढेल आणि तेवढ्या वेळात आम्ल लागेल १.२ लिटर. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये २३.८ लिटर पाणी घ्या आणि त्यात १.२ लिटर आम्ल हळूहळू सोडा. क्रम हाच ठेवा: पाण्यात आम्ल. आम्लात पाणी ओतले तर ते उसळून अंगावर येते. रबरी हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली असावी. डोळ्यांत उडाले तर किमान १५ मिनिटे पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

२५ मिनिटे कशी ठरवायची? आम्लाचे पाणी शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. नळीच्या टोकाकडे प्रवाह मंदावत जातो, त्यामुळे तो आपल्या अंदाजापेक्षा जास्तच असतो. आधी नळ्यांची टोके उघडून गाळ काढा. संच साध्या पाण्याने चालवून दाब स्थिर होऊ द्या आणि मग व्हेंच्युरीचा कॉक उघडा. एका माणसाने सर्वांत लांबच्या ड्रिपरपाशी पीएच पेपर घेऊन बसावे. तिथे सामू ४ च्या आसपास आला की त्यापुढे १५ मिनिटे मोजावीत. तो दहाव्या मिनिटाला आला तर एकूण २५ मिनिटे होतात. पहिल्या खेपेला ही वेळ माहीत नसते, म्हणून द्रावण थोडे जास्त करून ठेवावे, प्रमाण तेच राखून.

मग कॉक आणि पंप दोन्ही बंद करून हे पाणी नळ्यांत साधारण २४ तास राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी नळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे. सुटलेला थर इथेच बाहेर पडतो. हे टाळले तर तोच थर पुन्हा ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. उताराच्या जमिनीत पाणी खालच्या ड्रिपरमधून निघून जाते आणि वरच्या नळ्या कोरड्या पडतात. तिथे एकाच दणक्यापेक्षा प्रक्रिया दोनदा केलेली बरी.

फॉस्फरिक आम्ल वापरले तर पिकाला स्फुरदही मिळते, हे खरे. पण कॅल्शियम भरपूर असलेल्या पाण्यात सामू पुरेसा खाली राहिला नाही तर कॅल्शियम फॉस्फेटचा साका तयार होतो. आधीच तुंबलेल्या संचाला तो नको आहे.

क्लोरीनचे मोजमाप

शेवाळासाठी २० पीपीएम क्लोरीन तासभर द्यायचे असेल, तर वरच्याच संचाला ताशी ९६ ग्रॅम क्लोरीन लागते. सोडियम हायपोक्लोराइट १० टक्क्यांचे असेल तर सुमारे एक लिटर; ते ६० लिटर पाण्यात मिसळून व्हेंच्युरीने तासाभरात ओढू द्यावे. ३० टक्क्यांची ब्लिचिंग पावडर, म्हणजे गावात जिला टीसीएल म्हणतात ती, ३२० ग्रॅम लागेल. टीसीएल आदल्या रात्री भिजवून वरचे नितळ पाणीच घ्यावे, कारण खाली बसणारा चुना ड्रिपरचा शत्रू आहे. पाणी जड असेल तर हायपोक्लोराइटच बरे. ते मात्र उन्हात आणि गोदामात शक्ती गमावते. दोन उन्हाळे पाहिलेल्या कॅनमध्ये १० टक्के उरलेले नसतात.

म्हणून शेवटच्या ड्रिपरचे पाणी तपासावे. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पिण्याच्या पाण्यासाठी जी ओटी टेस्ट करतात तीच इथे चालते. प्रक्रियेच्या अखेरीस तिथे एक-दोन पीपीएम क्लोरीन शिल्लक दिसले तर मात्रा पुरली. काहीच रंग आला नाही तर सगळे क्लोरीन वाटेतल्या घाणीने खाल्ले, आणि मात्रा वाढवावी लागेल. पाण्याचा सामू साडेसातच्या वर असेल तर क्लोरीनचा जोर कमी पडतो.

लोह असलेल्या पाण्यात क्लोरीनमुळे लोहाचा गाळ तयार होतो, त्यामुळे ते फिल्टरच्या आधीच सोडावे. फिल्टरच्या पुढे सोडले तर तो गाळ थेट ड्रिपरमध्ये जातो.

आम्ल आणि क्लोरीन एका ड्रममध्ये, एका बादलीत किंवा न धुतलेल्या त्याच भांड्यात कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो. दोन्ही प्रक्रिया करायच्या असतील तर मध्ये संच पूर्ण धुऊन किमान एक दिवस जाऊ द्यावा. दोन्ही कॅन एकाच कपाटात ठेवू नयेत. अमोनियमयुक्त खतेही क्लोरीनसोबत देऊ नयेत.

मध्येच वीज गेली तर

हा प्रश्न आपल्याकडे आधी विचारायला हवा. पंप बंद पडला की मुख्य नळीतील पाणी उलट विहिरीकडे धावते. वाटेत चालू स्थितीतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर ड्रममधील द्रावणही त्यामागे जाते. त्याच विहिरीवर घरची माणसे आणि जनावरे पाणी पीत असतील, तर पुढचे सांगायला नको. हा व्हॉल्व्ह व्हेंच्युरीच्या आधी, पंपाच्या बाजूला हवा, आणि तो कचरा अडकून उघडा तर राहत नाही ना, हे हंगामात एकदा खोलून पाहावे. व्हेंच्युरीच्या ओढणाऱ्या नळीलाही स्वतंत्र झडप हवी.

दुसरी जागा सहज नजरेतून सुटते. मोठ्या पंपावर छोटा प्लॉट चालवताना जादा पाणी बायपासने विहिरीत परत सोडतात. हा बायपास व्हेंच्युरीच्या पुढे असेल तर वीज न जाताही आम्ल विहिरीत पडत राहते. तो व्हेंच्युरीच्या आधीच असला पाहिजे.

प्रक्रियेच्या दिवशी ऑटो स्टार्टर बंद ठेवा. नाहीतर वीज आल्यावर शेतात कोणी नसताना पंप सुरू होतो आणि व्हेंच्युरी उरलेले द्रावण ओढून घेते. विजेवरच्या डोसिंग पंपाचे उलटे आहे. त्याची जोडणी वेगळी असेल तर मुख्य पंप बंद पडूनही तो चालूच राहतो आणि साचलेल्या पाण्यात कडक आम्ल ढकलत राहतो. दोन्ही पंप एकाच स्टार्टरवरून एकत्र बंद होतील अशी जोडणी वायरमनकडून करून घ्या. रात्रपाळीच्या विजेवर आम्ल प्रक्रिया करूच नका.

काम संपल्यावर ओढणारी नळी स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाकून व्हेंच्युरी पाच मिनिटे चालवावी, ड्रम तीन वेळा विसळावा आणि ते पाणी विहिरीपासून दूर सोडावे. आठवड्याभराने त्याच ड्रिपरखाली पुन्हा भांडे ठेवून तीन मिनिटांचे पाणी मोजा आणि आधीच्या आकड्याशेजारी लिहा.