पुरुषाच्या वाट्याचे संततिनियमन

संततिनियमनाचा विषय निघाला की आपल्या घरांतील पुरुष वर्तमानपत्रात डोके खुपसतो आणि स्त्री दवाखान्याची वाट धरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित जोडप्यांत शस्त्रक्रिया स्त्रीची झाली होती. पुरुषाची अवघ्या ०.३ टक्के. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, त्यास शंभर वर्षे होतानाचा हा हिशेब!

नसबंदीच्या नावाने पुरुष बिचकतो, हे आम्ही जाणतो. १९७६ ची सक्ती लोक विसरलेले नाहीत. पण पुरुषासाठी निरोधाखेरीज तात्पुरता उपाय संभवतच नाही, हा समज खरा नव्हे.

टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बाहेरून रक्तात आले की मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी वृषणांना संदेश धाडणे थांबवते. शुक्राणूंची निर्मिती बंद पडते. पौरुष मात्र रक्तातील संप्रेरकावर टिकून राहते. शुक्राणू घडण्यास सुमारे ७० दिवस लागत असल्याने परिणामास काही महिने जावे लागतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात ५५ पुरुषांच्या त्वचेखाली प्रत्येकी २०० मिलिग्रॅमच्या चार गुटिका बसवल्या व जोडीला दर तीन महिन्यांनी प्रोजेस्टिनचे इंजेक्शन दिले. या उपायावर विसंबलेल्या सर्व जोडप्यांचा काळ एकत्र धरता साडेपस्तीस वर्षे भरला. त्यात एकदाही गर्भ राहिला नाही.

आणि उपाय थांबविल्यावर? अशा १,५०० हून अधिक पुरुषांच्या नोंदींची २००६ साली एकत्र छाननी झाली, तेव्हा शुक्राणू पूर्ववत होण्यास बहुधा तीन-चार महिने लागतात असे आढळले.

तरीही असे औषध अद्याप बाजारात नाही. मुरुमे, वजनवाढ, मनाची उदासी अशा तक्रारी येतात. उदासीसारख्या तक्रारींमुळे इंजेक्शनांचा एक मोठा प्रयोग २०११ मध्ये थांबविला गेला. मात्र त्यातील तीन-चतुर्थांशांहून अधिक पुरुष तो उपाय पुढेही वापरण्यास तयार होते. अशाच तक्रारी सोसून स्त्रिया कित्येक दशके गोळ्या घेत आल्या, हे आम्हांस येथे आठवल्यावाचून राहत नाही. पुढे २०१८ पासून खांद्यावर चोळावयाच्या संप्रेरक-मलमाची चाचणी सुरू झाली.

एक गोष्ट मात्र तरुण मुलांच्या पालकांनी आजच ध्यानात घ्यावी. व्यायामशाळेत दंड फुगविण्यासाठी जी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने चोरून टोचून घेतली जातात, तीही शुक्राणूंची निर्मिती अशीच बंद पाडतात. लग्नानंतर मूल न झाल्यास अशा घरांत तपासणीला प्रथम सूनच पाठवली जाते.