जनावर बोलत नाही, आपणच ओळखायचं



दावणीची गाय सकाळी वैरणीला तोंड लावत नाही. डोळ्यांतून पाणी गळतंय, दूध एकाएकी आटलंय. घरधनी म्हणतो, "हवा बदललीय, बघू दोन दिवस." लम्पी त्वचारोगाच्या साथीत हेच दोन दिवस महागात पडतात.

हा रोग आपल्या देशात प्रथम २०१९ साली ओडिशात आढळला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात त्याने डोके वर काढले आणि बघता बघता राज्यभर हातपाय पसरले. गुरांचे बाजार बंद पडले. सरकारने शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना मोफत टोचली. दगावलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार व वासरामागे १६ हजार रुपये मदत त्या वेळी ठरली. पण तेवढ्यात चांगली दुभती गाय येते का, हे तुम्हांला सांगायला नको. आणि हंगामाच्या तोंडावर बैल गेला, तर गाडीवानाचे सालच बुडाले!

रोगाची चाल समजून घ्या. आधी ताप चढतो, नाकाडोळ्यांतून पाणी येते, खांद्यापुढची गाठ सुजते. अंगावरच्या गाठी त्यानंतर उठतात. या गाठींत विषाणू भरलेला असतो. तिथे बसलेली गोमाशी, डास किंवा गोचीड तोच विषाणू शेजारच्या गोठ्यात पोचवते. म्हणून गाठी दिसायची वाट न पाहता, ताप आला तेव्हाच जनावर वेगळे बांधले पाहिजे.

या विषाणूवर नेमके औषध नाही. मात्र वेळेवर उपचार झाले, तर ताप उतरतो, जखमा चिघळत नाहीत, न्यूमोनिया टळतो व बहुतेक जनावरे बरी होतात. शिवाय पहिली बातमी लवकर गेली, तर आसपासच्या पाच किलोमीटरमधील निरोगी जनावरांना लस टोचता येते. लस अंगी लागायला सुमारे तीन आठवडे जातात. उशिरा कळवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

काही जण बोभाटा नको म्हणून रोग झाकून ठेवतात. असे करू नका. हा रोग माणसाला होत नाही. दूध उकळून खुशाल प्यावे. रोग कळवणे हे २००९ च्या कायद्यानेही मालकाचे कर्तव्य आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, नाहीतर १९६२ या क्रमांकावर फोन करा.

तोडणीच्या तळावर चार जिल्ह्यांचे बैल शेजारी-शेजारी बांधले जातात. एकाने लपवले तर सगळ्यांना भोगावे लागते. तेव्हा गाडीवान बंधूंनो, रोज सकाळी गाडी जुंपण्याआधी बैलाच्या अंगावरून एकदा हात फिरवा. अंग तापलेले लागले, तर त्या दिवशी बैल जुंपू नका. एक खेप बुडाली तरी चालेल, बैल वाचला पाहिजे.