कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं

सोलापूरकर मंडळी, थंडी पडली की कॅमेरा कृत्तिकांकडे वळवा. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र त्यांच्या आसपासच असतो, तेव्हा फोटोचा नाद सोडा. नंतरच्या अमावस्येला मात्र मध्यरात्रीच्या सुमारास हा तारकागुच्छ आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो, आणि क्षितिजावरची धूळ आड येत नाही.

गुच्छ सुमारे 440 प्रकाशवर्षांवर आहे. तारे सहज टिपता येतात, खरी कसोटी आहे ती त्यांच्याभोवतीच्या निळसर धुक्याची. गुच्छातल्या मेरोपी ताऱ्याजवळचं धुकं खगोलशास्त्रज्ञ टेम्पेलनं 1859 मध्ये लहानशा दुर्बिणीतून पाहिलं होतं! हे धुकं म्हणजे धूळ, पण ती ताऱ्यांच्या जन्मातून उरलेली नव्हे. गुच्छाचं वय साधारण 10 कोटी वर्षं, म्हणजे जन्मावेळची धूळ केव्हाच विरली; सध्या तो एका परक्या ढगातून चाललाय. धूळ ताऱ्यांचाच प्रकाश परावर्तित करते, म्हणून हायड्रोजनचे महागडे फिल्टर इथे कुचकामी. पैसे वाचवा, शहराबाहेर जा. नान्नजच्या बाजूला ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर उत्तम (माळढोक अभयारण्यात रात्री शिरू नका).

135 मिमी लेन्स, ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र) आणि मिनिटभराची शंभरेक एक्स्पोजर एवढं पुरे. नंतर ‘सिरिल’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्टॅकिंग करा, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचून एक करा. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजळ पृष्ठभागाचे फोटो) घ्यायला आळस नको, नाहीतर लेन्सच्या कडांचा काळोख आणि धुकं यांत फरक कळत नाही. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, आणि आपल्याकडे ध्रुवतारा जेमतेम साडेसतरा अंश उंचीवर असतो. त्यामुळे ट्रॅकर लावताना उत्तरेला झाड किंवा विजेचा खांब नाही ना, हे उजेड असतानाच बघा.