वैशाखातील पेढी आणि संगणकाचा ताप

मोर्शी, वरुड, अचलपूर या पट्ट्यात मे महिन्यात दुपारचा पारा ४४-४५ अंशांवर जाणे ही काही बातमी नव्हे. मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात उष्णतेच्या लाटेमुळे प्रशासनाला महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू करावे लागले होते. कामगारांसाठी पाणी व पंखे, शिकवण्यांच्या बदललेल्या वेळा यांचे आदेश त्या निमित्ताने निघाले. पेढीच्या कोपऱ्यात सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत चालणाऱ्या संगणकाचा विचार मात्र तो बंद पडेपर्यंत आपण करीत नाही. आज त्याच्यात साऱ्या वर्षाची उधारी, मालाची नोंद आणि जीएसटीची विवरणपत्रे साठलेली असतात.

घरगुती किंवा दुकानातील संगणक साधारणपणे १० ते ३५ अंश तापमानाच्या खोलीत चालावा, या हिशेबाने बनवलेला असतो. आपल्याकडे एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारी ही मर्यादा रोजच ओलांडली जाते. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच ४० अंशांपुढे गेला, तेव्हा लंडनमधील गुगल आणि ओरॅकल या कंपन्यांच्या संगणक केंद्रांतील शीतकरण यंत्रणा कोलमडली आणि काही सेवा बंद ठेवाव्या लागल्या. ४० अंश म्हणजे मोर्शीत ‘आज जरा बरे आहे’ म्हणण्याचा दिवस!

व्यापारी वाचकांना हे गणित जमाखर्चाच्या भाषेत सांगणे सोपे. खोलीचे तापमान ही आरंभीची शिल्लक. प्रोसेसर काम करताना जी उष्णता निर्माण करतो, ती तिच्यात जमा होते. पंखा आणि त्याखालचा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, ही जमा बाहेर टाकत राहतात. पण आरंभीच्या शिलकेच्या खाली ते कधीच जाऊ शकत नाहीत, कारण पंखा हवा हलवतो, गार करीत नाही. उदाहरणादाखल, स्वच्छ संगणकात प्रोसेसर खोलीपेक्षा ३५ अंशांनी अधिक तापतो असे धरू. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत तो ६० वर राहील, मे महिन्यात ४३ अंशांच्या खोलीत ७८ वर. इथवर चिंता नाही. पण पात्यांत धूळ बसून ही वाढ ३५ ऐवजी ५५ झाली, तर मे महिन्यात बेरीज ९८ वर जाते. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात, आणि तरीही ताप उतरला नाही तर संगणक तडकाफडकी बंद होतो.

परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांकडे गेल्या उन्हाळ्यात हेच घडले. रोज दुपारी तीनच्या सुमारास हिशेबाचे सॉफ्टवेअर रेंगाळू लागे आणि थोड्या वेळाने पडदा काळा होई. व्हायरस समजून दोनदा विंडोज नव्याने टाकून झाले, नवा संगणक घेण्याची बोलणीही झाली. शेवटी एका तरुण कारागिराने कॅबिनेट उघडले, तर हीटसिंकच्या पात्यांवर कापडाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर! ब्रश फिरवला, वाळून गेलेली थर्मल पेस्ट बदलली, आणि तोच संगणक पुन्हा पूर्ववत चालू लागला. कापड, धान्य, सरकी यांच्या दुकानांत हा थर इतरांपेक्षा लवकर जमतो. आपल्या संगणकाचे दुखणे उष्णतेचेच आहे का, हे ओळखण्याची साधी खूण अशी: सकाळी ठीक आणि दुपारी मंद असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा, सकाळीही तितकाच मंद असेल तर कारण अन्यत्र शोधावे. ‘कोअर टेम्प’सारखे मोफत सॉफ्टवेअर नेमके तापमानही दाखवते.

खरी गंमत अशी, की धुळीपासून जपण्याच्या हौसेनेच आपण संगणकाला अधिक तापवतो. काचेचे दार असलेल्या कपाटात तो ठेवतात, वर प्लॅस्टिकचे आवरण घालतात, मागची बाजू भिंतीला टेकवतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बँकांच्या शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तेव्हा अनेक ठिकाणी त्यांच्यासाठी काचेची वातानुकूलित खोली असे आणि पादत्राणे बाहेर काढूनच आत जावे लागे. काचेचे कपाट ही बहुधा त्या काळाची आठवण असावी. फक्त वातानुकूलन तेवढे वगळले गेले. बंद कपाटात संगणक स्वतःचीच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढतो. त्याच्या मागे व बाजूंना किमान वीतभर जागा मोकळी हवी. जमिनीवर ठेवू नये, केर काढताना उडालेली सगळी धूळ आत जाते. पश्चिमेची भिंत आणि टिनाखालची माळ्यावरची खोली टाळावी. काही जण कॅबिनेटची बाजू कायमची काढून ठेवतात. त्याने हवेचा नेमून दिलेला मार्ग मोडतो, आणि पाल-उंदरांना घर मिळते ते वेगळेच.

सफाईसाठी आपल्या व्यापारी वर्षात दोन मुहूर्त आयतेच आहेत. ३१ मार्चचा हिशेब बंद झाला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एकदा, आणि दिवाळीत चोपडापूजनाच्या आधी एकदा. (कीबोर्डला कुंकू लावतो, मग आत वर्षभराची धूळ का ठेवावी?) वायर काढून संगणक ओसरीत न्यावा. आत कोळी, मुंग्या आहेत का ते आधी पाहावे आणि मऊ ब्रशने त्यांना अलगद बाहेर काढावे, ब्लोअर त्यानंतर. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती प्रमाणाबाहेर फिरून खराब होतात. ओले फडके वापरू नये. वीज आत घेणारा एसएमपीएसचा डबा मात्र घरी मुळीच उघडू नये, वायर काढल्यावरही त्यात विजेचा साठा उरलेला असतो.

वऱ्हाडी कूलरविषयी दोन शब्द. मे महिन्यात हवा कोरडी असल्याने कूलर खोलीचे तापमान चांगले उतरवतो, आणि आरंभीची शिल्लक उतरली की पुढचे सगळेच सोपे होते. परंतु कूलरचा झोत थेट संगणकावर नसावा, तुषार आत जातात. समोरची खिडकी उघडी हवी. पावसाळ्यात हवा आधीच दमट असल्याने कूलरचा उपयोग संपतो, आणि आतली धूळ ओल धरून चिकटते.

लॅपटॉपवाल्यांनी गादी-लोडाचा मोह आवरावा. हवा घेण्याची त्याची छिद्रे बहुधा खालीच असतात आणि गादीत ती बुजतात. लाकडी पाट किंवा चौरंग पुरेसा आहे, महागडे कूलिंग पॅड नंतर पाहू.

बाजूच्या यूपीएसकडेही लक्ष असावे. त्यातील शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या हिशेबाने सांगितलेले असते, आणि त्यापुढे दर १० अंशांना ते जवळजवळ निम्मे होते. म्हणून तो संगणकाच्या गरम झोतासमोर ठेवू नये.

राहिला प्रश्न वह्यांचा. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, आणि नियम ५७ प्रमाणे संगणकावरील नोंदींची योग्य प्रत राखणे बंधनकारक आहे. उष्णतेने हार्ड डिस्क गेली, ही सबब तिथे पुरी पडणार नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांनी ११ आणि २० तारखेची कामे उन्हाळ्यात सकाळी अकराच्या आत उरकावीत. अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी बऱ्याच संगणकांवर नेमकी दुपारी लावलेली असते, तीही सकाळी घ्यावी. दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत काढावी, आणि ती डिस्क कॅबिनेटच्या डोक्यावर न ठेवता घरी घेऊन जावी.